नऊ अक्षांचे दोन कसे झाले

१९८७च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या हिरवळीवर एक विचित्र कार्यक्रम झाला. काही खासदार हातात घण घेऊन उभे होते. समोर तोशिबा कंपनीचा रेडिओ-कॅसेट प्लेअर ठेवला होता. कॅमेरे सुरू झाले, खासदारांनी घण उचलले आणि त्या रेडिओचा चक्काचूर केला. जपानी टीव्हीवर ही दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. ज्या जपानी माणसाला पाणबुडी, प्रोपेलर, निर्यात परवाना यांतलं काही कळत नव्हतं, त्यालाही एवढं कळलं, की आपल्या देशावर कुणीतरी फार चिडलंय.

त्या रेडिओचा काहीच गुन्हा नव्हता. तो बनवणाऱ्या कारखान्याचाही नव्हता. गुन्हा झाला होता एका फॉर्मवर. एका मशीनला नऊ अक्ष होते आणि फॉर्मवर दोन लिहिले होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दर वर्षी 'एक्स्पोर्ट कंट्रोल'चं ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. वीस-पंचवीस स्लाइड, शेवटी दहा प्रश्न, आणि सगळेजण दुसऱ्या टॅबमध्ये काम करत 'नेक्स्ट' दाबत राहतात. अशाच एका स्लाइडवर तोशिबा-कोंग्सबर्ग प्रकरणाचा दोन ओळींचा उल्लेख होता. त्यातला 'सॉफ्टवेअर' हा शब्द पाहून मी थांबलो आणि मग या प्रकरणाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. संरक्षणाशी नातं असलेला धंदा नेमका कुठे बुडू शकतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली गोष्ट मला अजून सापडलेली नाही.

आवाज करणारी पाणबुडी

सुरुवात समुद्राखालून करू. शीतयुद्धाच्या काळात अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी हे सगळ्यांत भीतिदायक शस्त्र होतं, कारण ती दिसत नाही. पण ती ऐकू येते. पाण्यात प्रोपेलर फिरतो तेव्हा पात्यांजवळ दाब अचानक कमी होतो, बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे फुटण्याचा आवाज पाण्यात लांबवर जातो. अमेरिकेने समुद्राच्या तळाशी ध्वनिग्राहकांच्या साखळ्या टाकल्या होत्या आणि बराच काळ सोव्हिएत पाणबुड्यांचा माग त्यावरून काढता येत होता.

आवाज कमी करायचा एक मार्ग म्हणजे प्रोपेलरच्या पात्यांचा आकार अतिशय अचूक हवा. ही पाती पंख्यासारखी साधी नसतात. त्यांना पीळ असतो, बाक असतो, जाडी प्रत्येक बिंदूला बदलते. असा पृष्ठभाग हाताने घासून सगळीकडे सारखा आणता येत नाही. त्यासाठी कापणारं हत्यार एकाच वेळी अनेक दिशांनी सरकलं आणि वळलं पाहिजे. या स्वतंत्र हालचालींना 'अक्ष' म्हणतात. साध्या लेथला दोन अक्ष पुरतात. पाणबुडीच्या प्रोपेलरला पुरत नाहीत.

म्हणून अक्षांची संख्या हा निव्वळ तांत्रिक तपशील राहिला नव्हता. ती राजकीय सीमारेषा झाली होती. अमेरिका, पश्चिम युरोपातले देश आणि जपान यांनी मिळून कोकॉम नावाची एक समिती चालवली होती. तिचं कार्यालय पॅरिसमध्ये होतं. कम्युनिस्ट देशांना काय विकायचं नाही याची यादी ही समिती ठरवायची आणि प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ती राबवायचा. दोनपेक्षा जास्त अक्ष एकाच वेळी चालवू शकणारी अशी मिलिंग मशीन त्या यादीत होती.

सगळ्यांच्या फायद्याचा सौदा

१९८१मध्ये तोशिबा मशीन या कंपनीने सोव्हिएत युनियनच्या आयात संस्थेशी करार केला. चार अजस्र मिलिंग मशीन, नऊ अक्षांची. ती लेनिनग्राडच्या बाल्टिक जहाजबांधणी कारखान्यात बसवायची होती. किंमत साधारण १.७ कोटी डॉलर. मशीनचा देह जपानी आणि मेंदू नॉर्वेचा होता. तिला चालवणारा संख्यात्मक नियंत्रक आणि त्याबरोबरचं सॉफ्टवेअर कोंग्सबर्ग वॉपेनफाब्रिक या नॉर्वेच्या सरकारी मालकीच्या कंपनीचं होतं. १८१४मध्ये सुरू झालेली ही शस्त्रास्त्र कंपनी नाटोच्या पुरवठादारांपैकी एक. म्हणजे नाटोसाठी क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी सोव्हिएत पाणबुड्यांचा प्रोपेलर घडवणाऱ्या मशीनचा मेंदू विकत होती.

आता परवान्याचा प्रश्न होता. जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाकडे अर्ज गेला तो 'टीडीपी ७०/११०' या नावाच्या, दोन अक्षांच्या उभ्या लेथचा. दोन अक्ष म्हणजे यादीच्या बाहेर. मंत्रालयाकडे अशा अर्जांचे ढीग येत. कागद नीट होते, परवानगी मिळाली. नॉर्वेतही नियंत्रकाची खरी क्षमता सरकारपुढे मांडली गेली नाही. १९८२च्या अखेरीपासून मशीन जहाजाने रवाना होऊ लागली. पुढे पाच अक्षांची आणखी चार मशीन गेली. १९८४मध्ये सुटे भाग आणि मशीन चालवण्याचा प्रोग्राम गेला.

या सौद्यात कुणी देशद्रोहाच्या विचारसरणीने पेटलेला नव्हता. सोव्हिएत बाजूला हवं ते मिळत होतं, मधल्या व्यापारी कंपन्यांना कमिशन मिळत होतं, विक्री विभागाचं टार्गेट पूर्ण होत होतं. शिवाय, आपण विकलं नाही तर दुसरा कुणीतरी विकेल, हा युक्तिवाद होताच. तो अगदी खोटाही नव्हता. नंतर नॉर्वेच्या पोलिसांनी तपास केला तेव्हा दिसलं, की पश्चिम युरोपातल्या इतर कंपन्यांनीही अशी मशीन सोव्हिएत युनियनला आधीच विकली होती आणि त्यांतल्या कित्येकांत कोंग्सबर्गचेच नियंत्रक होते. पण 'दुसरेही करतात' हे वाक्य धंद्यात जितकं उपयोगी पडतं, तितकं चौकशीत पडत नाही.

एक पत्र

या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या वाको कोएकी या व्यापारी कंपनीच्या मॉस्को कार्यालयात काझुओ कुमागाई नावाचा माणूस काम करत होता. सौदा त्याने आतून पाहिला होता. पुढे त्याचं आणि कंपनीचं बिनसलं. १९८५च्या डिसेंबरमध्ये त्याने थेट पॅरिसला, कोकॉमच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं आणि सगळी हकिकत कळवली.

पत्राने लगेच भूकंप झाला नाही. कोकॉमने जपानला विचारलं. मंत्रालयाने तोशिबा मशीनला विचारलं. तोशिबा मशीनने सांगितलं की आम्ही दोन अक्षांचीच मशीन पाठवली, हे बघा कागद. मंत्रालयाने ते मान्य केलं. जो कागद खोटा असल्याची तक्रार होती, तोच कागद खरेपणाचा पुरावा म्हणून चालला. विषय मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

कंपन्यांच्या आतून बाहेर आलेल्या प्रत्येक तक्रारीबाबत एक गोष्ट हमखास होते. तक्रार करणाऱ्याचा हेतू तपासला जातो. त्याचं वरिष्ठांशी भांडण होतं ना? मग तो सूड घेतोय. कुमागाईच्या मनात राग असेलही. पण मशीनचे अक्ष मोजायला त्याच्या मनात काय होतं हे कळण्याची गरज नव्हती. मशीनपाशी जाऊन मोजले असते तर नऊच भरले असते.

अमेरिकेने मात्र पाठपुरावा सोडला नाही. १९८७च्या मार्चमध्ये प्रकरण अमेरिकी वृत्तपत्रांत फुटलं. मग जपानमध्ये चक्रं फिरली. एप्रिलच्या अखेरीस पोलिसांनी छापे घातले आणि मे महिन्यात तोशिबा मशीनच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

कायद्याचं घड्याळ

इथे मला सगळ्यांत विलक्षण वाटणारा भाग येतो. जपानच्या तेव्हाच्या परकीय व्यापार कायद्यात अशा गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत होती. तीन वर्षांत खटला भरला नाही, तर विषय संपला. नऊ अक्षांची मशीन १९८३च्या मध्यापर्यंत रवाना झाली होती. १९८७ उजाडलं तेव्हा त्या मूळ निर्यातीवर खटला भरणंच शक्य नव्हतं. मुदतीत बसत होते ते फक्त १९८४चे व्यवहार, म्हणजे नंतर गेलेले सुटे भाग आणि प्रोग्राम.

तीन मजली घराएवढी मशीन कायद्याच्या हातून निसटली आणि जाळ्यात सापडलं सॉफ्टवेअर. ज्यांना अजूनही वाटतं की निर्यात म्हणजे बंदरावरचा कंटेनर, त्यांच्यासाठी ही गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे.

मार्च १९८८मध्ये टोकियोच्या न्यायालयाने निकाल दिला. तोशिबा मशीनला २० लाख येन दंड. तेव्हाच्या दराने ही रक्कम साधारण १६ हजार डॉलर होते. दोन अधिकाऱ्यांना दहा महिने आणि एक वर्ष कैद, तीही स्थगित. एकही माणूस तुरुंगात गेला नाही. १.७ कोटी डॉलरच्या सौद्यावर १६ हजारांचा दंड हा व्यवसायाच्या खर्चात सहज लपून जाईल. कायद्याच्या जोखमीचं गणित कुणी आधी मांडलं असतं, तर उत्तर आलं असतं, 'करून टाका.'

आणि तिथेच ते गणित चुकलं असतं. कारण न्यायालयाचं घड्याळ ज्या गतीने चालतं, त्या गतीने राजकारणाचं चालत नाही.

राजकारणाचं घड्याळ

१९८७ हे साल आठवून पाहा, म्हणजे वाचलेलं आठवून पाहा, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. अमेरिकी बाजार जपानी गाड्यांनी आणि टीव्हींनी भरले होते. अमेरिकेतले कारखाने बंद पडत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यक्ष रेगन यांनी सेमीकंडक्टरच्या वादातून ३० कोटी डॉलरच्या जपानी वस्तूंवर शंभर टक्के आयातकर लावला होता. वाळलेलं गवत तयारच होतं. तोशिबाची ठिणगी त्यात पडली.

३० जून १९८७ला अमेरिकी सिनेटने तोशिबा आणि कोंग्सबर्गच्या मालावर बंदी घालण्याच्या बाजूने ९२ विरुद्ध ५ असं मतदान केलं. दुसऱ्याच दिवशी तोशिबा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष शोइची साबा आणि प्रमुख कार्यकारी सुगिइचिरो वातारी यांनी राजीनामे दिले. दोघांवर कुठलाही आरोप नव्हता. तोशिबा कॉर्पोरेशनकडे तोशिबा मशीनचे ५० टक्क्यांहून किंचित जास्त समभाग होते, बाकी ती स्वतंत्रपणे चालणारी, वेगळी नोंदणीकृत कंपनी होती. पण नाव एक होतं. घण मारायला नाव पुरतं.

जुलैमध्ये तोशिबाने अमेरिकी वृत्तपत्रांत पानभर माफीच्या जाहिराती दिल्या. कंपनीची अमेरिकेतली विक्री वर्षाला अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होती. म्हणजे एका उपकंपनीच्या १.७ कोटींच्या सौद्याने त्याच्या जवळजवळ दीडशे पट धंदा टांगणीला लागला होता. वकील, लॉबिंग करणारे, मंत्री, सगळे कामाला लागले. तोशिबाच्या सुट्या भागांवर अवलंबून असलेल्या अमेरिकी कंपन्याही सरसकट बंदीच्या विरोधात बोलू लागल्या. अखेर ऑगस्ट १९८८मध्ये कायदा आला तेव्हा तो बराच सौम्य झालेला होता. तोशिबा मशीनला तीन वर्षं अमेरिकेत माल विकायला बंदी आणि मूळ तोशिबा कंपनीला तीन वर्षं अमेरिकी सरकारला काही विकायला बंदी. त्यातही, अमेरिकेच्या संरक्षणाला आवश्यक वस्तूंना सूट होती. राग खरा होता, पण आपल्याला लागणाऱ्या वस्तू वगळून.

कोंग्सबर्गचं काय झालं? ती आधीच आर्थिक संकटात होती आणि हे प्रकरण त्याच वर्षी अंगावर आलं. १९८७मध्ये जुनी कंपनी मोडीत निघाली, नागरी उद्योग विकले गेले आणि संरक्षणाचा भाग नव्या नावाच्या कंपनीत गेला. आज क्षेपणास्त्रं बनवणारी कोंग्सबर्ग ग्रुपेन ही तिचीच वारसदार. त्या संकटाला केवळ हे प्रकरण कारण होतं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण बुडत्या जहाजाला दुसरं भोक पडायला नको असतं.

पण पाणबुडी शांत झाली कशाने?

आता खरा अवघड प्रश्न. या मशीनमुळे सोव्हिएत पाणबुड्या खरोखर शांत झाल्या का?

तेव्हा अमेरिकेत हे जवळपास गृहीत धरलं गेलं. पाणबुड्या शोधण्याची हरवलेली आघाडी परत मिळवायला अब्जावधी डॉलर लागतील, असे आकडे चर्चेत फिरत होते. पण तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट एवढी सरळ राहत नाही. सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनच कमी होऊ लागला होता. लेनिनग्राडची मशीन कामाला लागली १९८४च्या सुमारास. दुसरीकडे, जॉन वॉकर हा अमेरिकी नौदलातला माणूस १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सोव्हिएत हेरखात्याला गुपितं विकत होता. तो पकडला गेला १९८५मध्ये. आपल्या पाणबुड्या अमेरिकेला किती सहज ऐकू येतात, हे सोव्हिएत नौदलाला या हेरगिरीतून उमगलं, असं मानलं जातं. शिवाय आवाज फक्त प्रोपेलरचा नसतो. पंप, गिअर, टर्बाइन, त्यांची बैठक, सगळ्यांवर काम करावं लागतं.

म्हणजे मशीनचा वाटा होता, पण तो नेमका किती, याचा हिशेब कधी न्यायालयात झाला नाही. तो व्हायची गरजही पडली नाही. भारताच्या किंवा जपानच्या न्यायालयात शिक्षेसाठी पुरावा लागतो. भू-राजकारणात शिक्षेसाठी भीती पुरते. तोशिबाला दंड झाला तो खोट्या फॉर्मबद्दल. तिला किंमत मोजावी लागली ती अमेरिकेच्या भीतीची आणि अमेरिकी कारखान्यांच्या दुखण्याची. पहिली रक्कम कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती. दुसरी कुठेच लिहिलेली नव्हती.

एवढं सांगून मला तोशिबा मशीनला बिचारी ठरवायचं नाही. कंपनीला ठाऊक होतं आपण काय विकतोय. जी मशीन अकरा मीटर व्यासाचा प्रोपेलर घडवू शकते ती साधा लेथ म्हणून दाखवताना एखाद्या इंजिनिअरने ते पत्रक तयार केलं असेल, कुणी तपासलं असेल, कुणी सही केली असेल. प्रत्येकाने आपल्यापुरता एक आकडा बदलला किंवा बदललेला पाहिला.

यादीच्या अलीकडचे, यादीच्या पलीकडचे

या प्रकरणानंतर जपानने कायदा बदलला. कैदेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून पाचवर गेली आणि खटल्याची मुदतही वाढली. निर्यात नियंत्रणाची माहिती कंपन्यांना देणारी एक संस्था १९८९मध्ये उभी राहिली. आज जगभरच्या कंपन्यांत जी ट्रेनिंगं होतात, त्यांच्या मुळाशी अशीच प्रकरणं आहेत. सोव्हिएत युनियन संपल्यावर १९९४मध्ये कोकॉम बंद झाली. तिच्या जागी १९९६मध्ये वासेनार व्यवस्था आली. तिच्या यादीत पाच किंवा अधिक अक्षांवर एकाच वेळी चालणारी मशीन आजही आहेत.

भारताने या याद्या बराच काळ दुसऱ्या बाजूने अनुभवल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक दिला नाही, आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. १९९१मध्ये 'परम ८०००' आला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. १९९८च्या अणुचाचण्यांनंतरची गोष्ट तितकी सांगत नाही. तेव्हा 'तेजस' विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय इंजिनिअरांना परत यावं लागलं आणि त्यांचं साहित्य तिथेच अडकलं. कोड लिहिणाऱ्या माणसांना एका दुपारी कळलं की आपण ज्या कार्यालयात बसतो ते परक्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा भाग आहे.

डिसेंबर २०१७मध्ये भारत वासेनारचा सदस्य झाला. आता आपण यादी सांभाळणाऱ्यांत आहोत. आपली स्वतःची यादी आहे, स्कोमेट नावाची. तिच्यात वस्तूंबरोबर सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही येतं. ईमेलला जोडलेलं ड्रॉइंगसुद्धा निर्यात ठरू शकतं. पुणे-कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाच अक्षांची सीएनसी मशीन आता नवलाईची राहिलेली नाहीत आणि संरक्षण क्षेत्रात उतरणाऱ्या लहान कंपन्या वाढताहेत.

त्यांच्यासाठी जवळचं उदाहरण ३० ऑक्टोबर २०२४चं आहे. त्या दिवशी अमेरिकेने रशियाला युद्धोपयोगी माल पुरवल्याच्या कारणावरून जगभरातल्या जवळपास ४०० कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध लावले. त्यांत भारतातल्या डझनाहून अधिक कंपन्या होत्या. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की हे व्यवहार भारतीय कायद्याच्या विरोधात नाहीत. ते बरोबर असेल. पण डॉलरमध्ये व्यवहार करणारी बँक भारतीय कायदा वाचून निर्णय घेत नाही, ती अमेरिकेची यादी वाचते. तोशिबा मशीनने निदान स्वतःच्या देशाचा कायदा मोडला होता. आता तो न मोडताही दार बंद होऊ शकतं.

म्हणून संरक्षणाशी दूरचाही संबंध असलेल्या धंद्यात 'हे कायदेशीर आहे का' हा प्रश्न अपुरा पडतो. आणखी तीन विचारावे लागतात. हा माल शेवटी कुणाच्या हातात जाणार आहे? उद्या हे पहिल्या पानावर आलं तर कुठला देश घाबरेल? आणि ज्या कागदावर आपण सही करतोय, त्यावरचा आकडा मशीनपाशी जाऊन मोजला तर तेवढाच भरेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्यवस्थापनाने द्यायची असतात आणि ती चुकूही शकतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र कंपनीतल्या सगळ्यांत ज्युनिअर इंजिनिअरलाही माहीत असतं.

तोशिबा मशीनने १ एप्रिल २०२०पासून आपलं नाव बदललं. आता ती शिबाउरा मशीन आहे. कारणं वेगळी होती, तोशिबा समूहाशी तिचं नातं आधीच सुटलं होतं. पण निर्यात नियंत्रणाच्या स्लाइडवर अजूनही जुनंच नाव येतं, आणि त्याच्यापुढे तो आकडा: नऊ.